झोपलेलं काम

— ज्येष्ठता विचारायची नाही. बस्, हा नियम. मी इथे लागले त्या दिवशी सरांनी सांगितलेलं पहिलं वाक्य हे, काकू. टेबल कुठलं, पाणी कुठे मिळतं, ते सगळं नंतर. "गुंजन, कोणाचं काम आधी लागायचं आणि कोणाचं मागे, हे इथे ज्येष्ठतेनं ठरतं. आणि ज्येष्ठता विचारायची नाही." मी म्हटलं, हो सर. दुसरं काय म्हणणार? आमचे विभागप्रमुख ते, माझ्या पीएचडीचे गाइडही तेच, आणि मी आपली कंत्राटावरची — बसा ना जी, ती नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. थंडी वाजून राहिली का? वाजणारच. बाहेर रस्ता तापून राहिला आणि इथे मशिनींसाठी एसी, माणसं आपली स्वेटर घालून. पदर घ्या खांद्यावरून. खिडकी? नाही हो, या खोलीला खिडकीच नाही. धूळ येते म्हणून बुजवली. ही एक काच आहे तेवढी, पण तिच्यातून आभाळ नाही दिसत, सरांची केबिन दिसते. ते पाहा, हात केला सरांनी. मधुसूदन सर. हसून राहिले. आणि समोर उभे आहेत ना, कपबशी हातात घेऊन, ते माझे बाबा. हो, माझेच. ओमप्रकाश, इथल्या ऑफिसात बडे बाबू. बसा म्हटलं तरी सरांसमोर बसत नाहीत. घाबरू नका, तिकडे ऐकू नाही जात. दिसतं फक्त. दिवसभर दिसते मी त्यांना, दोघांनाही.

सर म्हणाले, "कुसुमताई काटोलहून आल्यात, तिथलं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या आहेत, त्यांना थोडक्यात समजावून दे, तोवर आम्ही चहा घेतो." थोडक्यात! थोडक्यात म्हणजे काय, ते मला काल घरी जातानाच पढवून झालं आहे. पण तुम्ही एवढ्या लांबून बसचे धक्के खात आल्या, तुमच्या कॉलेजचं नुकसान झालं, तुमच्या गावाचं झालं, तर तुम्हाला मुळापासून कळलं पाहिजे की नाही? कंप्युटरचं काही कळत नाही म्हणता? कळेल हो. त्यात आहेच काय न कळण्यासारखं! लग्नघरी पुऱ्या लाटायला बसतात ना बाया — एक बाई किती लाटेल? दुपार होईल, पंगत उठून जाईल. म्हणून दहा जणी बसतात, प्रत्येकीपुढे पोळपाट, आणि एकच परातभर काम गोळे गोळे होऊन सगळ्यांत वाटलं जातं. ग्रिड म्हणजे हेच. नागपूरची दोन-चार कॉलेजं, वर्ध्याचं एक, भंडाऱ्याचं एक आणि तुमचं काटोलचं. पोट्टे दिवसा प्रॅक्टिकल करतात, मग लॅबला कुलूप, आणि एवढे सारे कंप्युटर नुसते हात बांधून बसलेले. तर म्हटलं, जोडा यांना एकमेकांशी. ज्याचं गणित मोठं — एकट्या मशीनला देऊन ठेवलं तर सणाचं उत्तर सण झाल्यावर येईल असं — त्याचे तुकडे करायचे आणि जिथे मशीन मोकळी तिथे धाडायचे. काटोलचं गणित वर्ध्याला, वर्ध्याचं भंडाऱ्याला. उत्तरं गोळा करून ज्याची त्याला. चांगली कल्पना आहे की नाही? खरंच चांगली आहे. मी तर वेडी झाले होते ऐकून.

आता त्या पुऱ्यांच्या घोळक्यात एक बाई अशी असते — लाटत नाही, तळत नाही, फक्त गोळे वाटते. कोणाचा हात भराभर चालतो, कोण गप्पा मारून राहिली, कोणापुढचं ताट रिकामं झालं — तिचं सगळीकडे लक्ष. ती बाई म्हणजे शेड्युलर. तो मी लिहिला. हो, मी. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर आहे. आणि त्यातली गंमत सांगू? एखादं मोठं काम येतं, त्याला पुष्कळ मशिनी एकदम पाहिजेत, आणि तितक्या अजून मोकळ्या नाहीत. मग ज्या मोकळ्या झाल्या त्या धरून नुसतं बसायचं का? काहून? तेवढ्या वेळात छोटी कामं लावून घ्यायची ना, मोठ्याचा नंबर लागायच्या आत संपतील अशी. मोठ्याला जराही उशीर नाही आणि लहानांचं होऊन जातं. तुम्ही नाही का, कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर भाजी चिरून घेत? कुकर म्हणतो का तुम्हाला, मी आधी चढलो, माझं होऊ दे, तोवर तू हात बांधून उभी राहा? — हसल्या! बरं वाटलं. इथे कोणी हसत नाही या गोष्टीला. हे काही मी शोधून नाही काढलं, जगभर करतात. मी इतकंच केलं की आपल्याकडे मशीन कधी दगा देईल सांगता येत नाही — वर्ध्याला लाइट जाते, भंडाऱ्याला झाडू मारणारी बाई तार उपटून पंखा लावते — तर ते सगळं गृहीत धरून वाटप कसं करायचं. परदेशातली पुस्तकं हे सांगत नाहीत. त्यांच्याकडे कोणी तार उपटत नाही.

तर एवढं सगळं छान. मग बिघडलं कुठे? सांगते. तुम्ही बसने आल्या ना? स्टँडवर बस लागली की लोक काय करतात? रुमाल. खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला की जागा आपली. माणूस तिकडे पाणी पिऊन राहिला, त्याची बायको अजून रिक्षातून उतरली नाही, पण आत चढलेल्या म्हातारीने बसायचं नाही — रुमाल आहे! — हो ना? तुम्हालाही उठवलं का कधी? सगळ्यांनाच उठवतात. तर इथेही तसंच करता येतं, काकू. असं एक काम पाठवता येतं जे काहीच करत नाही. नुसतं झोपतं. खरंच, आमच्या भाषेत शब्दच तो आहे, झोप म्हटलं की झोपतं. मशीन अडवायची आणि तिच्यावर झोपून राहायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मशीन कामात आहे. सरांचं काम तसं आहे. म्हणजे त्यांचं खरं काम यायचं आहे. माहिती गोळा व्हायची आहे, मॉडेल बसायचं आहे, कोणीतरी कुठून तरी पाठवणार आहे — पण ते येईल तेव्हा सरांना रांगेत उभं राहावं लागायला नको, म्हणून आधीच रुमाल. सगळीकडे. कधीपासून म्हणता? मी आले तेव्हा होताच.

आणि नुसतं तेवढंच नाही. हा भिंतीवरचा पडदा पाहा. हिरवा ठिपका म्हणजे मशीन कामात, पांढरा म्हणजे मोकळी. दिसतो का एक तरी पांढरा? समिती येते ना, वर्षातून, अनुदानवाली, ती इथे उभी राहते, हे हिरवंगार पाहते आणि म्हणते, "वा! शंभर टक्के वापर! विदर्भात असं दुसरीकडे कुठे नाही." सर म्हणतात, "आपल्या सगळ्यांचे परिश्रम." हिरवं आहे म्हणून काय पीक आहे का, काकू? तुमच्याकडे बाग आहे, तुम्हाला सांगायला नको, गाजरगवतही हिरवंच असतं. मग बाकीच्यांनी पाहिलं. भंडाऱ्याच्या सरांनीही एक झोपलेलं टाकलं. वर्ध्याच्या मॅडमनी टाकलं. एकाने रुमाल टाकल्यावर दुसरा काहून मागे राहील? आज अशी गत आहे की सगळ्या गाडीत रुमालच रुमाल, बसलेलं माणूस एक नाही, आणि दारात ही गर्दी. आणि गर्दी कोणाची? पोरांची, नवीन मास्तरांची, ज्यांना खरंच काही काढायचं आहे त्यांची.

मी गप्प बसले नाही हो. असं समजू नका. मी सरांना म्हटलं, सर, हे ओळखता येतं, मशीन धरून बसलं आणि आत काहीच हललं नाही तर त्या कामाला आपोआप उठवायचं, मी लिहिलं आहे तसं प्रबंधात, एक अख्खं प्रकरण आहे. सरांनी वाचलं. चष्मा काढून वाचलं, म्हणजे नीट वाचलं. म्हणाले, "चांगलं झालं आहे. पण हे काढ. याने प्रबंध विस्कळीत होतो." काढलं मी. आणि वरून एक नियम घालायला लावला — विभागप्रमुखाचं काम विभागप्रमुखाशिवाय कोणाला काढता येणार नाही. एक ओळ. मीच बसून घातली, याच खुर्चीवर. बाबांना घरी सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबरच आहे ना वं. मोठ्या माणसाचं सामान दुसऱ्यानं कायले हलवावं?" सामान! मी म्हटलं बाबा, सामान नाही ते, रुमाल आहे. तर म्हणाले, "तुले प्रत्येकच गोष्टीत बोलावं लागते."

आता गारांचं सांगते. त्याच्यासाठीच आल्या ना तुम्ही. वेदिका मॅडम तुमच्याच कॉलेजच्या, भूगोलाच्या, तुम्हीच मुलाखत घेतली असेल त्यांची — घेतली ना? वाटलंच. त्यांचं गणित काय आहे माहीत आहे? अंदाज येतो तो सगळ्या जिल्ह्याचा येतो, "तुरळक ठिकाणी गारपीट." तुरळक म्हणजे कुठे? माझ्या बागेत की शेजारच्या? वेदिका मॅडमनी काटोल तालुक्याचे बारीक बारीक चौकोन पाडले, नदी कुठे, टेकडी कुठे, वारा कुठून वळतो, आणि असं बसवलं की कुठल्या शिवारात गारा आणि कुठे नुसतं पाणी, ते आदल्या दिवशी निघावं. मोठं गणित आहे. एकट्या मशीनला झेपणारं नाही, म्हणून ग्रिड पाहिजे. आणि छोटं पण आहे — म्हणजे सगळ्या मशिनी मोकळ्या असत्या तर चहा पिऊन होईस्तोवर उत्तर! त्या दिवशी त्यांचा फोन आला, "गुंजन, आभाळ पाहा वं, कसं पिवळं पडून राहिलं." मी कुठून पाहू? मी म्हटलं मॅडम, पाठवा तुम्ही, मी बसते त्याच्यापाशी. त्यांनी पाठवलं. रांगेत पडलं. आणि पडूनच राहिलं.

मग मी पडद्यावर काटोलची लॅब उघडली. तुमची लॅब. हिरवी, सगळी हिरवी. तुमच्या कॉलेजच्या मशिनी, तुमच्या छताखाली, तुमच्या विजेवर, आणि प्रत्येकीवर सरांचं नाव, झोपलेलं. वेदिका मॅडम त्याच लॅबमध्ये बसल्या होत्या, काकू! हात लांब केला तर लागेल एवढ्यावर मशीन, तिच्यासमोर कोणी बसलेलं नाही, आणि ती म्हणते मी कामात आहे. परस्पर वापरताही येत नाही. एकदा ग्रिडला दिली की दिली. फोनवर मॅडम म्हणाल्या, "अगं पण माझ्यासमोर रिकामी आहे ही!" मी फोन ठेवला. सरांकडे गेले. सर डबा खाऊन राहिले होते. म्हटलं, सर, तुमचं थोड्या वेळासाठी काढता का, काटोलचं लागू द्या, मग पुन्हा टाका तुमचं, काही बिघडणार नाही, तुमचं तर तसंही — झोपलेलं नाही म्हटलं मी, जीभ चावली — तुमचं तर तसंही थांबू शकतं. सर आवाज चढवत नाहीत कधी. म्हणाले, "आज काटोलसाठी काढलं की उद्या वर्ध्याचे येतील. पायंडा पडतो, गुंजन." परत आले. पुन्हा फोन. पुन्हा गेले. तर नुसतं वर पाहिलं आणि म्हणाले, "ज्येष्ठता." मी आणखी एकदा जाणार होते. दारात बाबा उभे होते. फक्त मान हलवली, अशी — नको.

मग दुसऱ्या दिवशी गारा पडल्या. ते तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही तिथे होत्या. त्याच वादळात वर्ध्याची लाइट गेली, तिथले रुमाल उडाले, लाइट परत आली तशी जागा झाली, आणि माझ्या शेड्युलरने इमानेइतबारे वेदिका मॅडमचं काम तिथे लावलं. उत्तर आलं. बरोबर आलं, काकू. म्हणजे किती बरोबर! जिथे पडल्या बरोबर तिथेच लाल, आणि ओढ्याच्या पलीकडे, जिथे नुसतं पाणी झालं, तिथे निळं. मॅडमनी नकाशा मला पाठवला. गारा वितळून गेल्यावर गारांचा अंदाज! संत्र्याचा मृग बहार तोडणीवर आलेला होता ना? आदल्या दिवशी कळतं तर लोकांनी माणसं लावून जेवढं हाताला येईल तेवढं उतरवलं असतं. सगळं नसतं वाचलं, मला कळतं. पण काही? काही तरी? — तुमच्या बागेत किती झालं? ... बरं, नका सांगू. मी उगीच विचारलं.

आता यातली चूक दाखवा मला. माझी म्हणत नाही मी, कुठलीही. तुमच्या प्राचार्यांनी फोन केला, विचारलं हे कसं झालं, आणि इथून उत्तर काय गेलं? "प्रोग्रॅममध्ये बिघाड होता." कोणाचा प्रोग्रॅम? गुंजनचा. नवीन मुलगी आहे, शिकते आहे, हुशार आहे पण राहून गेलं तिच्याकडून. आता मी तुमच्यासमोर तेच म्हणायचं, मग उद्या समितीसमोर म्हणायचं, आणि सर म्हणणार, "लहान आहे, सांभाळून घेऊ." सांभाळून! माझ्या प्रोग्रॅमने चूक केली असती ना काकू, तर देवाशपथ सांगते, सगळ्यात आधी मी बोंबलत आले असते. मला चुका सापडल्या की आनंद होतो, विचारा कोणालाही. पण त्याने चूक नाही केली हो! त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. ज्येष्ठता पाळ म्हटलं, पाळली. विचारू नको म्हटलं, नाही विचारलं. माझ्यासारखंच.

तुम्हाला वाटेल, एवढं सगळं बोलून राहिली तर मग सरळ नाही म्हणून मोकळी काहून होत नाही? बरोबर आहे. सोपं वाटतं. मी सकाळी बाबांच्या स्कूटरवर येते आणि त्यांच्याच स्कूटरवर जाते. डबा एकच येतो, आम्ही अर्धा अर्धा खातो. माझा प्रबंध सरांच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे. त्याच्यावर कप ठेवतात ते, वरच्या पानावर गोल उमटला आहे. सही झाली की मी मोकळी, पुण्यात एका ठिकाणी बोलावलंही आहे मला, पण सहीशिवाय नाही. म्हणजे काय झालं माहीत आहे का? काम तयार, जागा मोकळी, आणि मधे कोणीतरी नुसतं झोपलं आहे. — काल घरी जाताना सदर बाजारच्या सिग्नलला थांबलो होतो. बाबा मागे न पाहता म्हणाले, "गुंजन, दोन शब्द बोलल्यानं तुहं काय जाते वं? साहेबांनी तुले जागा दिली. माह्यं रिटायरमेंट तोंडावर आहे. मोठ्या माणसाले खाली पाहायले लावू नये." आता मागे बसून कसं भांडायचं सांगा? समोर पाठ, त्याच्यावर हेल्मेट. हेल्मेटशी भांडू? सिग्नल सुटला. मागचे हॉर्न मारून राहिले. आणि मी म्हटलं — हो. हो म्हटलं मी. ... हे नव्हतं तुम्हाला सांगायचं. निघून गेलं तोंडातून. रात्रभर बाबा इतके खूश होते, स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. तुम्ही सांगू नका त्यांना, मी सांगितलं म्हणून.

आणि आज? आज पुन्हा तेच! हे पाहा, इथे, रांगेतलं सगळ्यात वरचं नाव — वाचता येतं ना एवढं बारीक अक्षर? काटोल. वेदिका मॅडमनी आज सकाळी टाकलं. म्हणाल्या, वारा पडला आहे, ढग उभे राहून राहिले. तुम्ही येताना पाहिलं असेल, कसं होतं आभाळ? — हं. त्याही तेच म्हणाल्या. जे बगीचे वाचले ते आहेत अजून, पलीकडच्या शिवारातले. आणि उद्या समिती येणार म्हणून सरांनी कालच बजावलं, एकही ठिपका पांढरा दिसायला नको. आपण इथे बोलत बसलो आहोत तोवर ते काम तिथेच उभं आहे, काकू, हातात पिशवी घेऊन. लावता येतं का? येतं. ती एक ओळ काढली की झालं, सरांचं काम कोणालाही उठवता येईल. मीच घातली, मलाच काढता येते. पण काढली की सरांच्या फोनवर घंटी वाजते. तीसुद्धा मीच बसवून दिली. पाहा म्हणजे — कडी मीच लावली, किल्ली माझ्याच ओढणीला बांधलेली, आणि मीच आत बसून म्हणून राहिले, कोणी काढता का हो मला!

तर तुम्ही मला एवढंच सांगा — तुमचं म्हणणं मानतील सर, तुम्ही संस्थेच्या आहात, वयाने मोठ्या आहात, ज्येष्ठ आहात — तुम्ही एकदा म्हणा त्यांना, की हे काम आज लागू द्या. माझं जाऊ द्या. माझ्याबद्दल काही बोलू नका. फक्त हे एवढं... काय झालं? खाली काहून पाहून राहिल्या? थंडी वाजून राहिली का जास्त? — थांबा. आले ते. चहा झाला वाटतं.

या सर. बाबा, दार असू द्या उघडं, जीव गुदमरतो इथे. — हो सर, बोललो ना आम्ही. सगळं सांगितलं काकूंना. — काय? — नाही, काय म्हणालात तुम्ही? त्यांना माहीतच आहे? काय माहीत आहे? ... कधी? आज? मी यायच्या आधी? ... काकू, सर काय म्हणून राहिले? काटोलला नवीन लॅब — अच्छा. सरांच्या अनुदानातून. अच्छा अच्छा. आणि त्यासाठी हे प्रकरण "तांत्रिक बिघाड" म्हणून मिटवायचं, दोन्ही संस्थांच्या हिताचं आहे म्हणून. ठरलंच होतं तर. मी फक्त तोंडाने म्हणायचं राहिलं होतं, तेवढं ऐकायला बसवलं तुम्हाला इथे. आणि मी तुम्हाला पुऱ्या लाटायला शिकवून राहिले होते!

नाही नाही, बाबा, आवाज नाही चढवून राहिले मी. बोलून राहिले. — काकू, तुमची स्वतःची बाग झोडपली ना हो गारांनी? मी विचारलं तेव्हा बोलल्या नाहीत. मला वाटलं दुःख झालं म्हणून बोलत नाहीत. ... संस्थेचं भलं. हो. होईल ना भलं. नवीन मशिनी येतील, हार घालून फीत कापतील, आणि फीत खाली पडायच्या आत त्यांच्यावर सर झोपतील! आणि वेदिका मॅडम पुन्हा त्याच खोलीत उभ्या राहतील, नव्या कोऱ्या मशीनसमोर, हात बांधून. मग पुन्हा एखादी नवीन मुलगी शोधा, बिघाड म्हणायला.

नाही सर. नाही म्हणणार. बिघाड नव्हता. तुमच्यासमोर नाही, समितीसमोर नाही, कोणासमोर नाही म्हणणार मी. उद्या ते आले की मी इथेच असेन, विचारलं तर सांगेन काय झालं ते, आणि नाही विचारलं तरी सांगेन. — प्रबंध? असू द्या तुमच्याकडे. सही करायची तर करा, नाही तर त्याच्यावर कप ठेवायला होतोच. मी ते काढलेलं प्रकरण परत घालणार आहे, तेव्हा तसाही तो तुम्हाला विस्कळीतच वाटेल. — आणि बाबा, तुम्ही. काल तुमच्या पाठीला हो म्हटलं मी. आता तोंडाकडे पाहून सांगते. मले नाही जमत, बाबा. रागवा, बोलू नका घरी, एकट्याने जा स्कूटरवर, मी ऑटोने येईन. पण मले हे नाही जमत.

... बोला ना. सर? नेहमीचा तो एक शब्द आहे ना तुमचा, तो तरी म्हणा. ... काकू, तुम्ही? मघाशी कुकरवर हसल्या होत्या. ... बाबा?

बरं. — थोडे सरका, बाबा. तुम्ही कीबोर्डसमोर उभे आहात.